कोल्चिसीनची मोठी चाचणी भारतात व्हावी : आयसीएमआरला खुले पत्र

प्रति,
माननीय महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली

विषय : हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या भारतीय रुग्णांमध्ये कोल्चिसीनची सार्वजनिक खर्चाने मोठी चाचणी घेण्याबाबत.

महोदय,

मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. झटका येऊन गेलेले, शहरात अँजिओप्लास्टी करून परतलेले रुग्ण पुढची अनेक वर्षे माझ्यासारख्यांकडेच येतात. अलीकडे त्यांच्यापैकी काहींच्या डिस्चार्ज कार्डावर ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि बीपीच्या गोळ्यांच्या खाली एक जुने नाव नव्याने दिसू लागले आहे : कोल्चिसीन, अर्धा मिलिग्रॅम, रोज एक. काहींच्या कार्डावर ते नसते. हा फरक का, याचे उत्तर रुग्णाच्या प्रकृतीत सापडत नाही; तो कोणत्या रुग्णालयात गेला होता, यात सापडते. ज्या औषधाचा फायदा काही मोठ्या चाचण्यांनी दाखवला आणि सर्वांत मोठ्या चाचणीने दाखवला नाही, ते आपल्याकडे कोणाला द्यावे, कोणाला देऊ नये आणि किती काळ द्यावे, हे भारतीय रुग्णांवरच्या पुराव्याने ठरायला हवे, आणि तो पुरावा उभा करण्याचे काम आपल्या परिषदेशिवाय दुसरे कोणी करणार नाही, असे मला वाटते. म्हणून हे पत्र.

कोल्चिसीन हे गाऊटचे, म्हणजे युरिक ॲसिड साचून सांधे सुजण्याच्या आजाराचे, औषध म्हणून आपल्याला ठाऊक आहे. युरोपात उगवणाऱ्या कोल्चिकम या वनस्पतीचा कंद सांध्यांच्या दुखण्यावर वापरण्याची परंपरा निदान सहाव्या शतकापर्यंत मागे जाते, आणि त्यातले सक्रिय द्रव्य १८२० साली पेलेतिए आणि काव्हेंतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी वेगळे केले. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत आहे. तामिळनाडूत शेतकरी तिची शेती करतात आणि बिया औषधनिर्मितीसाठी परदेशी जातात. कच्चा माल आपला, गोळी बनवणारे कारखाने आपले, गोळीची किंमत काही रुपये. असे असूनही हृदयरोगात या गोळीचे काय करायचे, यावरचा पुरावा मात्र मुख्यतः कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी उभा केलेला आहे.

सांध्याच्या औषधाचा हृदयाशी संबंध कसा, असे रुग्ण विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. गाऊटमध्ये युरिक ॲसिडचे स्फटिक पांढऱ्या पेशींना चेतवतात आणि त्या पेशींमधली एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह पेटवणारे द्रव्य बाहेर सोडते. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचलेल्या कोलेस्टेरॉलचेही सूक्ष्म स्फटिक होतात, आणि तेसुद्धा हीच यंत्रणा जागी करतात, हे २०१० मध्ये दाखवले गेले. कोल्चिसीन पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांची बांधणी रोखते. त्यामुळे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते आणि ही यंत्रणा पूर्ण जोमाने उभी राहू शकत नाही. म्हणजे अंगठ्याच्या सुजलेल्या सांध्यात आणि हृदयाच्या धमनीत दाहाची वाट काही अंतरापर्यंत एकच आहे.

अर्थात, वाट एक आहे म्हणून औषध लागू पडेलच, असे नाही, आणि याची साक्ष दोन चाचण्या देतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कँटॉस चाचणीत झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी (रक्तातले दाह दाखवणारे प्रथिन) वाढलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणारे इंजेक्शन वापरले गेले. कोलेस्टेरॉल जराही न घटवता पुढच्या घटना (पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू) सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि दाह हे धमनीच्या आजाराचे नुसते लक्षण नसून कारणही आहे, ही गोष्ट माणसांमध्ये प्रथमच सिद्ध झाली. पण त्या इंजेक्शनाने प्राणघातक संसर्ग वाढले, त्याची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरची होती, आणि हृदयरोगासाठी त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली नाही. पाठोपाठ आलेल्या सर्ट चाचणीत मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे स्वस्त औषध ४,७८६ रुग्णांना कमी मात्रेत दिले गेले, आणि काहीही फरक पडला नाही. तेव्हा दाह कमी करणारे वाटेल ते औषध चालत नाही, नेमकी कोणती वाट अडवली जाते याला महत्त्व आहे, हे दोन वर्षांच्या आत दोन्ही बाजूंनी स्पष्ट झाले.

कोल्चिसीनने आशा निर्माण केली ती त्यानंतर. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधल्या ५३२ रुग्णांच्या एका लहान चाचणीने २०१३ मध्ये सुरुवात केली होती, पण त्यात प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठीची औषध नसलेली गोळी, नव्हता, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येत नव्हती. २०१९ मध्ये माँट्रियल हार्ट इन्स्टिट्यूटच्या ज्यां-क्लोद तार्दिफ यांच्या नेतृत्वाखालची कॉलकॉट चाचणी आली. झटक्यानंतर तीस दिवसांच्या आत असलेले ४,७४५ रुग्ण, रोज अर्धा मिलिग्रॅम, आणि सुमारे दोन वर्षांचा पाठपुरावा. ठरवलेल्या घटना प्लासिबो गटात ७.१ टक्के आणि कोल्चिसीन गटात ५.५ टक्के झाल्या. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या ५,५२२ स्थिर हृदयरुग्णांवरच्या लोडोको-२ चाचणीत हेच आकडे ९.६ आणि ६.८ होते. एक हजार रुग्णांनी साधारण अडीच वर्षे गोळी घेतली तर अठ्ठावीस जणांची गंभीर घटना टळते, असा त्याचा अर्थ होतो. आधीपासून ॲस्पिरिन आणि स्टॅटिन चालू असताना, काही रुपयांच्या गोळीने, हा लाभ लहान म्हणता येणार नाही. याच बळावर जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने अर्ध्या मिलिग्रॅमच्या कोल्चिसीनला हृदयरोगासाठी मान्यता दिली.

पण त्या आकड्यांच्या आत डोकावले पाहिजे. कॉलकॉटमधला फायदा मुख्यतः पक्षाघात कमी होण्यातून आणि छातीत दुखल्यामुळे तातडीने भरती होण्याचे प्रमाण घटण्यातून आला. मृत्यूंमध्ये फरक नव्हता. त्याच चाचणीत न्यूमोनिया ०.४ टक्क्यांऐवजी ०.९ टक्के रुग्णांना झाला. लोडोको-२ मध्ये सगळ्यांना आधी महिनाभर गोळी देऊन पाहिली गेली आणि ज्यांना ती सोसली नाही ते मुख्य चाचणीच्या आधीच गळले, त्यामुळे दुष्परिणामांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसते. त्यात हृदयाशी संबंध नसलेल्या कारणांनी झालेले मृत्यू कोल्चिसीन गटात काहीसे जास्त होते. तो योगायोग असू शकेल, नसूही शकेल.

आणि मग २०२४ साली क्लिअर सिनर्जी आली. कॅनडातल्या हॅमिल्टनहून चालवलेली, चौदा देशांतली, ७,०६२ रुग्णांची, झटक्यानंतर लगेच कोल्चिसीन सुरू करणारी, आजवरची या प्रश्नावरची सर्वांत मोठी चाचणी. ठरवलेल्या घटना कोल्चिसीन गटात ९.१ टक्के, प्लासिबो गटात ९.३ टक्के. म्हणजे फरक नाही. सीआरपी खाली आला होता, औषध दाहावर काम करत होते, पण रुग्णाला त्याचा लाभ पोचला नाही. पक्षाघातानंतरच्या रुग्णांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांमध्येही त्याच वर्षी ठाम फायदा दिसला नाही. सर्व चाचण्या एकत्र करणारी विश्लेषणे अजूनही फायद्याकडे झुकतात, आणि क्लिअर सिनर्जी कोविडच्या काळातून गेली, तिच्यातली मात्रा मध्येच बदलली, हे आक्षेपही विचारात घेण्यासारखे आहेत. तरीही माझे मत असे की इतक्या मोठ्या चाचणीचा निकाल आक्षेपांच्या आधारे बाजूला सारणे बरोबर नाही. प्रश्न खुला आहे, आणि तो आणखी एका मोठ्या चाचणीनेच मिटेल.

ही चाचणी कोण करणार? कोल्चिसीनचे पेटंट कोणाकडे नाही. दहा हजार रुग्णांचा चार वर्षे पाठपुरावा करून जी कंपनी निकाल हाती घेईल, तिच्या शेजारचा कारखाना दुसऱ्या दिवशी तीच गोळी विकू शकेल. त्यामुळे कोणतीही कंपनी हा खर्च करणार नाही, आणि तिला दोषही देता येणार नाही. जिथे खासगी मालकीच्या जोरावर असा खर्च करून घेतला गेला, तिथे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत दशकानुदशके काही सेंटांना मिळणाऱ्या याच गोळीची औपचारिक चाचणी एका कंपनीने गाऊटसाठी केली, २००९ मध्ये तिला काही वर्षांचा एकाधिकार मिळाला, आणि सुमारे नऊ सेंटांची गोळी जवळजवळ पाच डॉलरना विकली जाऊ लागली. औषध तेच, मात्रा तीच, रुग्ण तेच. संशोधन सार्वजनिक पैशातून झाले नाही की त्याची किंमत रुग्णाच्या खिशातून वसूल होते, याचे इतके उघड उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

आपल्या नियमांत एक अडथळा आहे, त्याकडेही लक्ष वेधतो. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार, आधीच मान्य असलेल्या औषधाची नव्या आजारासाठी शैक्षणिक चाचणी करायची असेल तर आचार समितीच्या मान्यतेने ती करता येते. ही तरतूद चांगली आहे. परंतु अशा चाचणीचे निष्कर्ष केवळ शैक्षणिक वा संशोधनाच्या कामासाठी असावेत, विक्रीच्या परवानगीसाठी नव्हेत, असे त्याच व्याख्येत म्हटले आहे. म्हणजे एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने उत्तम चाचणी केली आणि फायदा सिद्ध झाला, तरी औषधाच्या माहितीपत्रकावर हृदयरोगाचा उल्लेख येण्यासाठी कोणीतरी कंपनी पुढे यावी लागते, आणि तशी कंपनी यायला कारण नाही. परिषदेने औषध महानियंत्रकांशी बोलून पेटंटमुक्त औषधांसाठी ही वाट मोकळी करून घेतली, तर कोल्चिसीनपुरताच नव्हे, अशा अनेक जुन्या औषधांचा प्रश्न सुटेल.

परदेशी निकाल जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत, असे मी म्हणतो तेव्हा त्यामागे देशाभिमान नाही, रोजचे काम आहे. अनेक देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला होता, इतर देशांत सुमारे ५९ व्या. आपला रुग्ण तरुण आहे, त्याला मधुमेह असण्याची शक्यता अधिक आहे, आणि गोळी त्याला कदाचित तीस वर्षे घ्यावी लागेल. कोणत्याही चाचणीने तिचा इतका दीर्घ वापर पाहिलेला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि पांढऱ्या पेशींची चाल मंद करणारे औषध लाखो लोकांना वर्षानुवर्षे देण्याआधी क्षयाचे काय होते, हे पाहणे आपल्यालाच भाग आहे.

सर्वांत काळजीची गोष्ट मात्र याहून साधी आहे. कोल्चिसीन शरीरातून बाहेर पडते ते पी-ग्लायकोप्रोटीन (औषध पेशीबाहेर ढकलणारे प्रथिन) आणि सीवायपी३ए४ (औषधाचे विघटन करणारे यकृतातले विकर) या दोन मार्गांनी, शिवाय काही अंशी किडनीतून. हे मार्ग अडवणारे औषध सोबत दिले तर अर्ध्या मिलिग्रॅमची निरुपद्रवी गोळी रक्तात अनेक पटींनी साचू शकते. आता माझ्या टेबलावर एका रुग्णाने रिकामी केलेली पिशवी डोळ्यांसमोर आणावी. पन्नाशीतला माणूस, स्टेंट घातलेला, मधुमेही. पिशवीत कोल्चिसीन, ॲटोरव्हास्टॅटिन आणि डिल्टियाझेम. त्याखाली, वेगळ्या दुकानाच्या कागदी पाकिटात, इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल, जांघेतल्या नायट्यासाठी, कोणीतरी महिनाभर घ्यायला सांगितलेल्या. डिल्टियाझेम आणि इट्राकोनॅझोल, दोन्ही हे मार्ग अडवणारी. किडनीचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची शेवटची तपासणी अँजिओप्लास्टीच्या वेळची. जुलाब चालू होते, आणि बाहेरच्या खाण्यामुळे झाले असावेत असे त्याला वाटत होते. गेल्या काही वर्षांत हट्टी नायट्याची साथच देशभर पसरली आहे आणि इट्राकोनॅझोल गावोगाव मेडिकलच्या दुकानात सहज मिळते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचेही तसेच. पर्थ किंवा माँट्रियलच्या चाचणीत असा रुग्ण एकतर घेतलाच गेला नसता किंवा आठवड्यात पकडला गेला असता. माझ्याकडे तो योगायोगाने पिशवी घेऊन आला.

कोल्चिसीनची विषबाधा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. कळलावीचा कंद रताळे समजून खाल्लेल्यांचे जे होते तेच मात्रा चुकलेल्याचे होते : आधी उलट्या-जुलाब, मग एक-दोन दिवसांत मूत्रपिंड, अस्थिमज्जा, हृदय असे एकामागून एक अवयव निकामी होणे. त्यावर उतारा प्रत्यक्षात उपलब्ध नाही. म्हणूनच भारतीय चाचणीत फायद्याइतकेच या औषधांच्या संयोगाचे मोजमाप व्हायला हवे, आणि ते शहरातल्या निवडक संस्थांत न होता जिल्हा रुग्णालयांत व्हायला हवे.

असे करणे आपल्या आवाक्यात आहे. १९५६ मध्ये मद्रासला परिषदेच्याच सहभागाने सुरू झालेल्या क्षयरोग केमोथेरपी केंद्राने घरी राहून घेतलेले उपचार सॅनेटोरियममधल्या उपचारांइतकेच चांगले असल्याचे सिद्ध केले, आणि साऱ्या जगाचे क्षयाचे धोरण बदलले. ते काम एका गरीब देशाने, गरीब रुग्णांसोबत, स्वस्त औषधांवर केले होते. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर स्वीडनचे आहे. तिथे ‘टेस्ट’ (TASTE) नावाच्या चाचणीत ७,२४४ रुग्णांना देशाच्या हृदयरोग नोंदवहीतूनच थेट गटांत विभागले गेले, वेगळी यंत्रणा न उभारता. आपल्याकडे तशी एकसंध नोंदवही नाही, पण तिची बीजे आहेत. गोव्यात २०१८ पासून चालू असलेल्या स्टेमी (झटक्याचा गंभीर प्रकार) प्रकल्पात प्राथमिक आरोग्य केंद्रातला ईसीजी काही मिनिटांत बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या तज्ज्ञांपर्यंत पोचतो. ज्या साखळीतून झटक्याचे निदान होते, त्याच साखळीतून रुग्णाची नोंद आणि पुढची विचारपूस होऊ शकते. परिषदेचे चाचण्यांसाठीचे इंटेंट हे जाळेही आधीच उभे आहे.

चाचणी साधी असावी, असा माझा आग्रह आहे. निदान दहा हजार रुग्ण, रोज अर्धा मिलिग्रॅम विरुद्ध प्लासिबो, एका पानाचा अर्ज, आणि मोजायच्या घटना मोजक्या : मृत्यू, झटका, पक्षाघात. छातीत दुखून भरती होणे ही घटना आपल्याकडे मुख्य निकालात धरू नये, कारण भरती होणे हे दुखण्याइतकेच रुग्णाच्या खिशावर आणि रुग्णालयाच्या अंतरावर अवलंबून असते. किडनीचे काम फार मंदावलेले रुग्ण वगळावेत, पण मधुमेही, स्त्रिया आणि सत्तरीपुढचे रुग्ण मुळीच वगळू नयेत. निकाल काहीही आला तरी तो वर्षभरात प्रसिद्ध व्हावा. गोळीचा उपयोग नाही असे निघाले, तर तेही माझ्या रुग्णांचे भलेच होईल. एक गोळी, एक खर्च आणि एक धोका कमी होईल.

यावर एक आक्षेप मी सहकाऱ्यांकडून ऐकला आहे, आणि तो मला बिनमहत्त्वाचा वाटत नाही. आपल्याकडे झटका येऊन गेलेले कितीतरी रुग्ण वर्षभरात ॲस्पिरिन आणि स्टॅटिनच सोडून देतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिएट नोंदवहीने वीस हजारांहून अधिक भारतीय रुग्णांच्या आधारे दाखवले की गरिबांना सिद्ध झालेले उपचार कमी मिळतात आणि ते जास्त मरतात. मग आधी आहे ते नीट द्या, नव्या गोळीच्या मागे का लागता? हे खरे आहे, आणि चाचणीचा पैसा या कामातून वळवला जात असेल तर मी स्वतः तिला विरोध करीन. सरकारी योजनांतून अँजिओप्लास्टी होते, पण पुढची रोजची औषधे बहुतांशी रुग्णाच्याच खिशातून येतात, ही उणीव आधी भरून निघाली पाहिजे. मात्र कोल्चिसीन लिहिले जाणे आता थांबणारे नाही. ते लिहिले जात आहे, वाढत आहे, आणि भारतीय रुग्णांवरच्या पुराव्याविना वाढत आहे. चाचणीत सामील झालेल्या रुग्णाला निदान बाकीची औषधे नियमित आणि मोफत मिळतील, त्याचे क्रिएटिनिन तपासले जाईल, त्याच्या पिशवीत काय आहे हे कोणीतरी विचारील.

चाचणीचा निकाल यायला वर्षे लागतील, तोवरची एक मागणी आहे. परिषदेने एक पानी मार्गदर्शक सूचना मराठीसह सर्व भारतीय भाषांत काढावी : कोल्चिसीन चालू असलेल्या हृदयरुग्णाला क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल देऊ नये, व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम असल्यास सावध राहावे, सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने क्रिएटिनिन पाहावे, जुलाब सुरू झाल्यास गोळी थांबवून डॉक्टरांना विचारावे. ही सूचना डॉक्टरांइतकीच मेडिकल दुकानदारांपर्यंत जावी, कारण आपल्या रुग्णाची सगळी औषधे एका ठिकाणी दिसतात ती बहुतेक वेळा तिथेच.

आपल्या परिषदेने हा विषय विचारार्थ घेतल्यास जिल्ह्यातले आम्ही काही फिजिशियन रुग्ण नोंदवण्यास, त्यांचा पाठपुरावा करण्यास आणि त्यासाठीचे प्रशिक्षण घेण्यास तयार आहोत. या कामासाठी आम्हाला मानधनाची अपेक्षा नाही. गोळ्या, अर्ज आणि क्रिएटिनिनच्या तपासणीचा खर्च एवढीच गरज आहे.

आपला विश्वासू,
तालुक्याच्या गावी काम करणारा एक फिजिशियन

प्रत माहितीसाठी : औषध महानियंत्रक, भारत सरकार, आरोग्य सचिव, महाराष्ट्र शासन